भंगार म्हणण्याआधी साल वाचा

हुबळी-धारवाडमध्ये नाणी जमवायला लागलेल्या मुलाला पहिला सल्ला मिळतो तो असा: परदेशी नाण्यांच्या पिशवीच्या नादी लागू नकोस. सल्ला देणारे वयानं आणि संग्रहानं मोठे असतात. कुणाकडे विजयनगरचे वराह असतात, कुणाकडे आदिलशाही तांबं, कुणाकडे शिवराया, कुणाकडे टिपूच्या काळात धारवाडच्या टांकसाळीत पडलेलं, ‘खुर्शीद-सवाद’ असं नाव कोरलेलं एखादं नाणं. अशा माणसानं किलोवर मिळणाऱ्या परदेशी चिल्लरीकडे पाहून ‘भंगार’ म्हटलं की समोरचा मुलगा गप्प बसतो. कारणं तीन दिली जातात. पिशवी आपल्यापर्यंत येईपर्यंत चार हातांनी चाळलेली असते. त्यात आपल्या मातीचं काही नसतं. आणि काही सापडलंच तर तो निव्वळ मटका, त्यात अभ्यासाचा संबंध नाही.

ही तिन्ही कारणं मला मान्य नाहीत. सल्ला प्रेमानं दिला जातो, देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण सल्ला चुकीचा आहे आणि त्यानं प्रत्यक्ष नुकसान होतं आहे. शिकण्याची सगळ्यांत स्वस्त जागा मुलांसाठी बंद होते. शिवाय या भागातल्या जुन्या घरांतून निघणारे नाण्यांचे डबे कुणी न उघडता वजनावर देऊन टाकतं, कारण जाणत्या माणसांनीच त्यांना भंगार ठरवलेलं असतं.

पहिलं कारण सगळ्यांत वजनदार आहे, त्याला आधी भिडतो.

पिशवी चाळलेली असते, हे खरं आहे. ती कुठून येते ते पाहिलं की कळतं. परदेश प्रवास करून आलेल्या माणसाच्या खिशात त्या देशाची नाणी उरतात, आणि पैसे बदलून देणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. ही नाणी विमानतळावरच्या दानपेट्यांत पडतात, विमानात फिरणाऱ्या पाकिटांत पडतात. युनिसेफनं १९८७ पासून विमान कंपन्यांच्या मदतीनं अशी चिल्लर गोळा केली आहे. आपल्याकडे ती देवाच्या हुंडीतही पडते. तिरुमलाच्या हुंडीत जगभरची नाणी येतात आणि ती वजनावर लिलावात विकली गेली आहेत. ठोक व्यापारी अशी नाणी घेतो तेव्हा आधी चालू चलन वेगळं काढतो: युरो, पौंड, डॉलर, दिरहम. मग रुपयापेक्षा मोठी, उघड दिसणारी चांदीची नाणी काढतो. मग चित्रविचित्र, चकचकीत, भोकाची, चौकोनी अशी हातोहात खपणारी काढतो. उरलेल्याचं मिश्रण होतं, किलोच्या पिशव्या भरल्या जातात आणि दोन-तीन हात फिरून ती पिशवी हुबळीच्या बाजारात किंवा एखाद्या नाणी-प्रदर्शनातल्या टेबलावर येते.

इथवर आमचे ज्येष्ठ बरोबर आहेत. चूक पुढच्या पायरीवर आहे. चाळलेली पिशवी म्हणजे रिकामी पिशवी, असं ते धरून चालतात. पण चाळणारा काय पाहतो आणि काय पाहत नाही, हा प्रश्न ते विचारतच नाहीत. त्याच्यापुढे शेकडो किलोंचा ढीग असतो. तो रंग पाहतो, आकार पाहतो, देश पाहतो. शर्टाच्या बटणाएवढ्या नाण्यावरचं साल वाचायला त्याला वेळ नसतो. आणि विसाव्या शतकात बहुतेक देशांनी चांदी काढून टाकली ती अशा रीतीनं, की पुष्कळदा नाण्याचा चेहरा तोच राहिला आणि बदललं फक्त साल.

स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या, कारण याहून स्वच्छ उदाहरण नाही. उभी असलेली हेल्व्हेशिया देवी, हातात ढाल, भोवती तारे. अर्धा, एक आणि दोन फ्रँकवर हेच चित्र एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत आहे. १९६७ पर्यंतच्या या नाण्यांत ८३.५ टक्के चांदी आहे. १९६८ पासून तेच नाणं तांबे-निकेलचं झालं. चांदीचा एक फ्रँक ५ ग्रॅम भरतो, नंतरचा ४.४ ग्रॅम. वापरून गुळगुळीत झालेली दोन नाणी शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. साल वाचणाऱ्याला कळतो. घाईत चाळणारा हे नाणं ‘स्विस, चालू चलन’ म्हणून बाजूला काढेल असं तुम्ही म्हणाल. नेहमी नाही. देशाचं नाव त्यावर लॅटिनमध्ये आहे, ‘हेल्व्हेशिया’, आणि स्वित्झर्लंड शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

इंग्लंडकडे पाहा. १९१९ पर्यंतचा शिलिंग ९२.५ टक्के चांदीचा, १९२० ते १९४६ पर्यंतचा ५० टक्के, आणि १९४७ पासून चांदी शून्य. १९४६ आणि १९४७ च्या फ्लोरिनवर त्याच सहाव्या जॉर्जचं तेच डोकं आहे. आपल्या रुपयाचं त्या काळात काय झालं ते ज्येष्ठांना पाठ आहे: १९४० ते १९४५ चा निम्म्या चांदीचा, मग निकेलचा. आपल्या रुपयाचं साल वाचताना जी नजर तीक्ष्ण असते, तीच फ्लोरिनवर येऊन मिटावी याचं मला वाईट वाटतं. युद्धाचा खर्च तोच, चांदीचा तुटवडा तोच. हिशोबाची एकच वही लंडन आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी लिहिली जात होती.

हॉलंडचा गुल्डन १९५४ ते १९६७ पर्यंत ७२ टक्के चांदीचा, ६.५ ग्रॅमचा. त्यानंतर शुद्ध निकेलचा, आणि निकेल लोहचुंबकाला चिकटतं. म्हणजे राणी ज्युलियानाच्या गुल्डनांचा ढीग असेल तर चुंबक फिरवा. जे उचलले जाणार नाहीत ते बाजूला घ्या. जर्मनीचं पाच मार्कचं नाणं १९५१ ते १९७४ पर्यंत ११.२ ग्रॅमचं, ६२.५ टक्के चांदीचं, म्हणजे त्यात नेमकी ७ ग्रॅम शुद्ध चांदी. पूर्व आफ्रिकेचा सिंहाचा शिलिंग १९४६ पर्यंत २५ टक्के चांदीचा, १९४८ पासून बिनचांदीचा, सिंह मात्र जिथल्या तिथे. अमेरिकेचा पाव डॉलर आणि डाइम १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे. तिथे साल झिजलेलं असलं तर कडा पाहा, नंतरच्या नाण्याच्या कडेत तांब्याची लाल रेघ दिसते. जपानचं शंभर येनचं नाणं १९५७ ते १९६६ या काळातलं असेल तर त्यात ६० टक्के चांदी आहे, पण साल जपानी लिपीत आणि सम्राट हिरोहितोंच्या शोवा गणनेत लिहिलेलं. शोवा ३२ म्हणजे १९५७, शोवा ४१ म्हणजे १९६६. जपानी अंकांची दहा अक्षरं ओळखायला एक संध्याकाळ पुरते. ठोक व्यापाऱ्याकडे ती संध्याकाळ नसते, म्हणून जपानी चांदी अजूनही पिशव्यांत सापडते.

आणि हे झालं नुसत्या चांदीचं. चाळणाऱ्याच्या हातून सहज निसटतात ती चांदी नसलेली मौल्यवान नाणी, कारण त्यांना धातूची काहीच खूण नसते. जर्मनीच्या ५० फेनिगच्या नाण्यावर गुडघा टेकून ओकचं रोप लावणारी एक बाई आहे. युरो आल्यावर ही नाणी टनांनी निरुपयोगी झाली आणि जगभरच्या पिशव्यांत गेली. तुमच्या पिशवीत ती हमखास असतील. १९४९ च्या नाण्यांवर ‘बांक डॉइचर लेंडर’ अशी अक्षरं आहेत, कारण तोवर ती बँकच नाणी काढत होती. १९५० पासून ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’ असं लिहिलेलं असायला हवं. पण कार्ल्सरूहच्या टांकसाळीत, जिची खूण ‘जी’ हे अक्षर आहे, १९५० साली सुमारे ३०,००० नाणी जुन्याच अक्षरांची पडली. बाकी सगळं अगदी तेच: तीच बाई, तेच रोप, तेच वजन. १९५०, ‘जी’, आणि बँकेचं नाव, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ते नाणं संग्राहकांच्या जगात नाव घेऊन ओळखलं जातं. पाच मार्कमध्येही तसंच: १९५८ साली हॅम्बर्गच्या ‘जे’ खुणेची फक्त ६०,००० पडली. इंग्लंडचा १९८३ चा दोन पेन्सचा पैसा घ्या. त्याच्या आदल्या वर्षीपासून ‘न्यू पेन्स’ काढून ‘टू पेन्स’ लिहायला सुरुवात झाली होती, तरी १९८३ ची काही नाणी जुन्या ‘न्यू पेन्स’ अक्षरांची निघाली. किलोच्या पिशवीत दोन पेन्सची नाणी ज्वारीसारखी असतात. त्यांच्यावरचं साल आणि अक्षरं कोण पाहतं?

पिशवी चाळलेली असते ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. ती एका चाळणीतून गेलेली असते, आणि त्या चाळणीची छिद्रं कुठे मोठी आहेत ते आपल्याला माहीत आहे.

आता किती मिळतं, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. नाण्याचं सरासरी वजन ५ ग्रॅम धरलं तर किलोत दोनशे नाणी होतात. त्यांतली बहुसंख्य कालच्या देशांची कालची चिल्लर असतात: दहा लिरा, पन्नास पेसो, पाच फेनिग. एखाद्या पिशवीत चांदीचं एकही नाणं नसतं. नाण्यावर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. माझा दावा एवढाच आहे, की साल, धातू आणि खूण वाचणाऱ्याला न वाचणाऱ्यापेक्षा जास्त सापडतं, आणि वाचत राहणाऱ्याला दरवेळी आधीपेक्षा जास्त दिसतं. ‘काही सापडत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा न वाचणाऱ्याच्या तोंडचं असतं.

दुसरं कारण: हे आपल्या मातीचं नाही.

हे कारण धारवाड जिल्ह्यात बसून सांगितलं जातं, याचं मला नवल वाटतं. हानगल तालुक्यातलं अक्कीआलूर आज हावेरी जिल्ह्यात आहे, १९९७ पर्यंत ते धारवाड जिल्ह्यातच होतं. तिथे जमिनीतून रोमन आणि बायझंटाइन सोन्याची नाणी निघाली. रोमच्या आणि कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांची डोकी आपल्याच मातीत पुरलेली होती. दक्षिणेत सापडलेल्या अशा पुष्कळ नाण्यांना भोकं पाडलेली आहेत, म्हणजे ती आपल्या बायकांनी गळ्यात घातली. व्हेनिसच्या डुकाटचंही तेच झालं. १२८४ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसनं हे साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं पाडलं, आणि कोकणापासून कोल्हापूरपर्यंतच्या घरांत त्याच्या पुतळ्यांच्या माळा झाल्या. मागणी एवढी, की आपल्याच सोनारांनी त्याच्या नकला केल्या. सेंट मार्कपुढे गुडघा टेकलेला व्हेनिसचा दोजे लक्ष्मीपूजनात मांडला गेला. इतकं परदेशी नाणं इतकं आपलं झाल्यावर, परदेशी नाण्याचा आपल्याशी संबंध नाही असं कोण म्हणेल?

आदिलशाहीत, म्हणजे धारवाड ज्या राज्यात होतं त्या राज्यात, लारी चालत असे: चांदीची तार दुमडून केलेलं नाणं, मूळ इराणच्या आखातातलं. विजापूरच्या सुलतानानं ते स्वतःच्या नावानं पाडलं. हुबळी ही कापडाची मोठी पेठ होती, कारवारमार्गे माल बाहेर जाई, आणि इंग्रजांची वखार हुबळीत होती. १६७३ साली मराठी फौजेनं हुबळी लुटली तेव्हा त्या वखारीलाही झळ लागली आणि इंग्रज शिवाजी महाराजांकडे नुकसानभरपाई मागत राहिले. कापड घ्यायला इंग्रज चांदी घेऊन येत असत, आणि ती चांदी परदेशी नाण्यांच्या रूपात येत असे. या पेठेला परकी चिल्लर नवी नाही.

अलीकडचं पाहा. सदर्न मराठा रेल्वेची स्थापना १८८२ ची आणि तिचं मुख्यालय धारवाडला. १८८० च्या दशकातच तिचे रूळ कॅसलरॉकला पोर्तुगीज रेल्वेला भिडले आणि हुबळीहून मुरगाव बंदरापर्यंत सलग लोहमार्ग झाला. कॅसलरॉकच्या पलीकडे चलन वेगळं होतं. १८८१-८२ चा गोव्याचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीत पडला होता, आपल्या रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा, फक्त चेहरा राजा लुईसचा. पुढे १९४७ चा गोव्याचा रुपया निम्म्या चांदीचा, १९५२ चा तांबे-निकेलचा. १९५८ नंतर एस्कुदो आले, एका जुन्या रुपयाला सहा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ही नाणी रद्द झाली, पण गाडीनं ये-जा करणाऱ्या माणसांच्या पेट्यांत ती तशीच राहिली. हुबळी-धारवाडच्या पिशवीत ‘इश्तादो दा इंडिया’ लिहिलेलं नाणं मुंबईच्या किंवा दिल्लीच्या पिशवीपेक्षा सहज निघावं, याचं कारण हा रूळ आहे. आणि ते नाणं निघालं, की १९४७ आहे की १९५२ एवढं तरी वाचायला नको का?

उलट दिशेचाही पुरावा आहे. ज्यांना आपण परदेशी म्हणतो अशी काही नाणी आपल्याकडेच पडलेली आहेत. हातात त्रिशूळ घेऊन उभ्या असलेल्या ब्रिटानियाचा ट्रेड डॉलर १८९५ पासून चीनकडच्या व्यापारासाठी पाडला गेला, आणि त्यातला मोठा भाग मुंबईच्या टांकसाळीत. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ अक्षर आहे, ती मुंबईची खूण. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा थेलर आणखी अजब. त्यावर साल कायम १७८० असतं, नाणं केव्हाही पडलेलं असो, कारण अरबस्तानातले आणि इथिओपियातले व्यापारी दुसरं साल घ्यायलाच तयार नसत. १९४०-४१ मध्ये हे थेलर मुंबईतही पाडले गेले. मराठी कामगारांच्या हातून निघालेलं ते नाणं पिशवीत दिसलं तर ते कुणाच्या मातीचं म्हणायचं? नेपाळच्या नाण्यावर तर आपलीच देवनागरी आहे. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. युरोपातला चाळणारा ते वाचू शकत नाही, आपल्याकडचा चौथीतला मुलगा वाचतो.

तिसरं कारण मटक्याचं. इथे माझं भांडण दोन्हीकडे आहे.

पिशवीला मटका म्हणणारे एका बाबतीत बरोबर आहेत: पिशवीचा मटका करणारे लोक आहेत. एखाद्या साध्या नाण्याचा फोटो टाकून ‘हे तुमच्याकडे असेल तर लाखो मिळवा’ असं सांगणारे, आणि त्याच्या पुढच्या पायरीवर ‘आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सावधगिरीची सूचना काढावी लागली, की बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवे आहेत आणि बँकेनं अशी परवानगी कुणालाही दिलेली नाही. पैसे आधी मागणाऱ्याला नाणं नको असतं. या लोकांनी जेवढं नुकसान केलं आहे तेवढं कुणी केलेलं नाही, कारण त्यांच्यामुळे लोकांच्या मनात नाण्याची किंमत म्हणजे एक अफवा झाली. लाख मिळाले नाहीत म्हणून निराश झालेला माणूस मग ज्येष्ठांचं वाक्य उचलतो: सगळं भंगार आहे.

पण नाण्याची किंमत अफवेनं ठरत नाही. किती नाणी पडली, किती उरली, कशा अवस्थेत उरली आणि ती किती लोकांना हवी आहेत, यावर ती ठरते, आणि यातली पहिली गोष्ट तर छापील आकड्यांत मिळते. इंग्लंडचं क्यू बागेचं ५० पेन्सचं नाणं २००९ सालचं असेल तर ते २,१०,००० च पडलेलं आहे. त्याच चित्राचं २०१९ सालचं नाणं चलनात आलंच नाही, ते संग्राहकांसाठी काढलेलं आहे. पुन्हा साल. २००८ मध्ये २० पेन्सच्या नाण्यावरचं साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर आणताना एक जुना आणि एक नवा ठसा जुळला आणि कुठेच साल नसलेली काही नाणी बाहेर पडली. गोवा आणि हंपी करणारे इंग्रज प्रवासी हुबळीवरून जातात आणि चिल्लर मागे ठेवतात. त्या चिल्लरीत बिनसालाचं वीस पेन्स शोधणं हा मटका कसा? मटक्यात आकडा आधी कळत नाही. इथे काय शोधायचं ते आधीच कळलेलं असतं.

जिथे खरोखर जुगार आहे ती जागा वेगळी: खोटी नाणी. ट्रेड डॉलर आणि अमेरिकेचा मॉर्गन डॉलर यांच्या नकला ढिगानं फिरतात आणि पिशवीच्या वर मुद्दाम दिसतील अशा ठेवलेल्या असतात. खरा ट्रेड डॉलर २६.९५ ग्रॅमचा, मॉर्गन २६.७३ ग्रॅमचा. चुंबकाला चिकटला किंवा दोन-तीन ग्रॅम कमी भरला की प्रश्न मिटला. भिंग, चुंबक आणि दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, एवढी हत्यारं पुरतात. सोनाराकडे कसोटीच्या दगडावर घासायला नेऊ नका. कस कळेल, पण नाण्यावर चरा उठेल आणि त्याच्या किमतीतला मोठा भाग तिथेच जाईल. चिंच, राख, पितळ घासायची पावडर यांबद्दलही तेच. आमच्याकडे नाणं हाती आलं की घासून लख्ख करायची हौस भारी आहे आणि ती आवरली पाहिजे.

एक भीतीही कानावर येते, की परदेशी पैसा घरात ठेवणं गुन्हा आहे. नोटांना मर्यादा आहे. नाण्यांना नाही: परकीय चलन बाळगण्याविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या नियमांनुसार कुणीही व्यक्ती कितीही परदेशी नाणी बाळगू शकते. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे मात्र लक्षात असावं.

मला सगळ्यांत जास्त तळमळ वाटते ती घरातल्या डब्याची. बाजारातली पिशवी आणि घरातला डबा यांत मोठा फरक आहे. बाजारातली पिशवी चार हातांनी चाळलेली असते. घरातला डबा आजोबांनी बंद केला तेव्हापासून कुणी उघडलेला नसतो. ज्येष्ठांचं ‘भंगार’ हे वाक्य बाजारातल्या पिशवीसाठी तयार झालं, आणि लोक ते डब्याला लावतात.

धारवाडच्या माळमड्डीतली जुनी घरं पडताहेत, तिथे इमारती उभ्या राहताहेत. वाटणी होते, भांडी वाटली जातात, पुस्तकं रद्दीत जातात आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातली ‘बाहेरची चिल्लर’ भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. त्या डब्यात काय असू शकतं याचा विचार करा. या पट्ट्यातले किती जण बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून दुसऱ्या महायुद्धात गेले. ही रेजिमेंट एरिट्रियात केरेनला लढली, इटलीत लढली. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच. परत येणाऱ्या शिपायाच्या खिशात बसऱ्याचे फिल्स, कैरोचे पियास्तर, नेपल्सचे चेन्तेसिमी असत. इराकच्या राजा गाझीचं १९३८ चं ५० फिल्सचं नाणं निम्म्या चांदीचं आहे. इजिप्तच्या राजा फारूकची १९३७ आणि १९३९ ची पाच आणि दहा पियास्तरची नाणी ८३.३ टक्के चांदीची आहेत. इटलीची युद्धकाळातली बरीच नाणी पोलादी आहेत, चुंबकाला चिकटणारी पुष्कळ, धातूच्या भावानं कवडीमोल. पण ही तीन देशांची नाणी एका डब्यात असली तर ती एका माणसाचा बसऱ्याहून कैरोमार्गे इटलीपर्यंतचा रस्ता सांगतात. घरात त्यानं पाठवलेलं एखादं पत्र किंवा त्याचं पदक उरलं असेल, तर त्याशेजारी हा डबा म्हणजे पुरावा आहे. चांदीची तेवढी काढून बाकीची टाकली की तो पुरावा गेला. रेल्वेत काम केलेल्याच्या डब्यात मुरगावकडच्या तांग्या, म्हणजे गोव्याची जुनी चिल्लर निघेल, आखातात राहिलेल्याच्या डब्यात दुसरंच काही.

म्हणून डबा निघाला तर नाणी वेगळी करायच्या आधी सगळी एकत्र मांडून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. डबा कुणाचा, ती व्यक्ती कुठे होती, कोणत्या वर्षांत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून डब्यातच ठेवावं. मग साल पाहावं. विकायचं असेल तर विकावं, त्यात गैर काही नाही. फक्त किलोच्या भावानं विकू नये, आणि नाणी पाहून भाव सांगणाऱ्या एकाच माणसावर थांबू नये.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि तो विचारणारे पिशवीला भंगार म्हणणारेच असतात. किलोत दोनशे नाणी. प्रत्येकाला अर्धा मिनिट दिला तर शंभर मिनिटं होतात.